गोडादऱ्यातली अमेरिका

आमच्या घरमालकांचा अमेरिकेवर राग होता की जीव, ते मला अजून कळलेलं नाही. बहुतेक दोन्ही. ज्याला नुसता राग असतो, तो माणूस रोज सकाळी उठल्या उठल्या रेडिओकडे बघून "काय म्हणते आज?" असं विचारत नाही. हे विचारायचे. तोंडात दातवण, खांद्यावर पंचा, आणि आवाजात अशी काळजी, जणू घरातली सून रात्री रुसून झोपली होती आणि आता उठली का ते बघायचंय.

सगळी गल्ली त्यांना आप्पा म्हणायची. सुरतेच्या गोडादऱ्यात त्यांच्या पत्र्याच्या खोल्यांच्या दोन ओळी होत्या, समोरासमोर, मधे फरशीची वाट आणि टोकाला पाण्याच्या मोटारीची खोली. मी लग्न होऊन धुळ्याकडून थेट तिथे उतरले. नवरा लूमवर, बारा तासांची पाळी. मी घरात साड्यांचे सुटे धागे कापायची. बाजारातून गठ्ठे यायचे, कापून, घडी घालून परत जायचे. दुपारी माझ्या खोलीत पाय ठेवायला जागा नसायची, सगळीकडे साड्या. गुलाबी, मोरपिशी, हळदी. त्यांच्यातच आडवी व्हायचे.

आजूबाजूला कारखानेच कारखाने. तो आवाज पहिले काही महिने डोक्यात घण घातल्यासारखा वाटला, मग तो ऐकूच येईनासा झाला. वीज गेली की मात्र एकदम इतकं शांत व्हायचं, की झोपलेली लेकरं दचकून रडायला लागायची. आप्पांचं उभं आयुष्य त्या आवाजात गेलेलं, लूमवर मास्तर होते ते. त्यामुळे कान गेले होते आणि रेडिओ मोठ्याने लागायचा. त्यांची आणि माझी भिंत एकच. दुपारची झापड यायची आणि भिंतीतून देश यायचे. कुवेत. बोस्निया. सोमालिया. बगदाद. मी तर मेली धुळं आणि ही गल्ली सोडून काही पाहिलेलं नाही. माझ्या झोपेतल्या बगदादला पत्र्याची छपरं होती, वाळत घातलेल्या साड्या होत्या, आणि टोकाला मोटारीची खोली होती. आजही बगदाद म्हटलं की मला तेच दिसतं. काय करणार?

आप्पांचं म्हणणं थोडक्यात असं. जग म्हणजे एकत्र कुटुंब, आणि अमेरिका त्यातली थोरली जाऊ. कोठीच्या किल्ल्या तिच्या कमरेला. "तिची नीती तोंडात असते आणि हित पायात," ते म्हणायचे. "बोलते नीती. चालतं हित. कुवेतला धावली का नाही? तेल होतं. बोस्नियात माणसं मरत होती तेव्हा पदर सावरत बसली, सावरत बसली."

"पण गेली ना शेवटी?" मी विचारायची. मला काय कळत होतं कपाळ, पण त्यांना डिवचायला मजा यायची.

"गेली. तेच तर आहे ना, पोरी!" ते एकदम हळवे व्हायचे. "नुसती लबाड असती तर सोडून दिलं असतं. अधूनमधून खरंच करते काहीतरी. म्हणून तर माणूस वाट बघतो तिची."

हे बोलताना ते खडीसाखर चघळायचे. खिशात कायम असायची, शिवणीच्या धाग्यांसकट. कुणी भेटलं की आधी खडीसाखर, मग अमेरिका. भाजीवाला, पोस्टमन, गठ्ठे आणणारा टेम्पोवाला, कुणालाही सोडलं नाही. टेम्पोवाला सुरती. तो बिचारा हात जोडून म्हणायचा, "आप्पा, ए मोटा लोकोनी वात छे." मोठ्या लोकांच्या गोष्टी, आपल्याला काय. आप्पा चिडायचे. मोठ्या लोकांच्या गोष्टी छोट्या लोकांच्या माथी येतात, म्हणायचे, आणि त्याला आणखी एक खडा द्यायचे.

आता गंमत बघा. किल्ल्या थोरल्या जावेच्या कमरेला, असं म्हणणाऱ्या आप्पांच्या स्वतःच्या करगोट्याला काय होतं? मोटारीच्या खोलीची किल्ली. आमच्या भागात तेव्हा सरकारी नळ आलेला नव्हता. बोअरचं पाणी, आप्पांची मोटार, आणि प्रत्येक खोलीच्या दारात वेगळी तोटी. कुणाच्या घरात किती पाणी जायचं, ते सगळं त्या खोलीतल्या पाइपांच्या चाव्यांवर. सकाळी आप्पा आत जायचे, मोटार सुरू व्हायची, आणि दोन्ही ओळींतल्या बाया एकदम जाग्या व्हायच्या. मी एकदा म्हटलंही, "आप्पा, तुमच्या कमरेला काय आहे हो?" त्यांनी सदरा खाली ओढला. "माझी गोष्ट वेगळी," म्हणाले. मी मनात म्हटलं, अमेरिकाही हेच म्हणत असेल.

आप्पांची एक नीती होती, आणि ती खरी होती, त्याबद्दल वाद नाही. खोली देताना प्रत्येक पुरुषाला समोर उभं करून सांगायचे, "इथे बाईवर हात उचलायचा नाही. ज्या दिवशी उचलशील, त्या दिवशी गठुडं बांधायचं." माझ्या नवऱ्यालाही सांगितलं होतं. तो गरीब माझ्याकडे बघून म्हणाला, "अन् तिने उचलला तर?" आप्पा हसले नाहीत.

पण या नीतीला एक भोक होतं. समोरच्या ओळीत शेवटच्या खोलीत एक वायरमन राहायचा. मोटारीची लाईन त्यानेच खांबावरून ओढून दिली होती. कशी, ते विचारायचं नाही. मोटार जळली की तोच उघडायचा, तोच सुरू करायचा, "थई जशे आप्पा, थई जशे", होईल होईल, करत. दुसऱ्या कुणाला त्या तारांची उकल होत नव्हती. आणि तो बायकोला मारायचा. कोकिला तिचं नाव. बारीक, गोरी, कधी कुणाच्या दारात न बसणारी. सकाळी पाण्याला आली की डोक्यावरचा पदर एका बाजूने जरा जास्त पुढे असायचा. आम्ही बाया समजायचो. आप्पाही समजायचे. पण त्या वेळी त्यांचा रेडिओ आणखी मोठा व्हायचा.

मी एकदा तोंडावर विचारलं. माझी जीभ अशीच आहे, सासूही वैतागलेली. "आप्पा, वायरमनला गठुडं बांधायला कधी सांगणार?"

त्यांनी खडीसाखर गालात सरकवली. मग म्हणाले, "मोटार त्याच्या हातात आहे. दोन्ही ओळींचं पाणी बंद पडेल. एका बाईसाठी सगळ्या बायांना..." आणि वाक्य तिथेच सोडून दिलं. त्यांनाही ऐकू आलं असणार की ते कुणाच्या आवाजात बोलतायत. बहिरे असले तरी.

मग तो उन्हाळा आला. आपण वाळवंटात अणुबॉम्बची चाचणी केली आणि गल्लीत पेढे वाटले गेले. दुसऱ्या दिवशी आप्पा बाहेर आले ते पेटलेलेच. अमेरिकेने आपल्यावर निर्बंध घातले होते.

"आमच्यावर! निर्बंध!"

"म्हणजे काय केलं तिने?" मी विचारलं. पुढ्यात हळदी साडी, हातात कात्री.

"बंद केलं. सगळं बंद."

"काय बंद? तुमच्या चहातली साखर?"

"तुला काय समजणार," म्हणत ते माझ्या उंबऱ्यावर बसले आणि मला समजावत राहिले. इराकवर किती वर्षं असे निर्बंध आहेत. तिथला राजा राजवाड्यात मजेत आहे आणि लेकरांना औषध मिळत नाही. "मारायचं असतं राजाला," ते म्हणाले, "आणि हात पोचतो लेकरापर्यंत. याला काय म्हणायचं? याला नीती म्हणायचं?" त्यांचे डोळे भरून आले होते. खोटं नाही सांगत. कुठल्या कोण लेकरांसाठी तो म्हातारा माझ्या दारात बसून रडला. त्या दिवसाची आठवण मी जपून ठेवलीय, कारण पुढे जे झालं त्यात ती विसरायला होतं.

त्याच दिवसांत माझ्या शेजारी शोभा राहायला आली होती. शिरपूरकडची, अंगात अजून माहेरचं हसू, सातवा महिना. नवरा रात्रपाळीला. त्याचा हात चालतो हे भिंतीतून कळलं. भांडं पडलं, मग ती, मग शांत. मी आप्पांना हाक मारेपर्यंत आप्पाच दारात. या वेळी रेडिओ बंद करून आले होते. त्या माणसाची गचांडी धरून त्यांनी त्याला बाहेर काढलं. तो सुटला आणि म्हणाला, "वायरमनला विचारा आधी. मग मला शिकवा."

सगळी गल्ली ऐकत होती. आप्पांचा चेहरा असा झाला, जणू कुणीतरी त्यांचं धोतर सोडलंय.

खोली खाली कर म्हणावं, तर गरोदर बाई कुठे जाणार? ते त्यांनी केलं नाही. त्यांनी दुसरंच केलं. सकाळी मोटार सुरू झाली, सगळ्यांच्या तोट्या वाहिल्या, शोभाची कोरडी. आप्पांनी तिच्या पाइपाची चावी फिरवून टाकली होती. आणि दोन्ही ओळींना ताकीद दिली: त्या घराला कुणी घोटभर पाणी द्यायचं नाही. "सगळ्यांनी मिळून धरलं पाहिजे," ते म्हणाले. "एकाने सैल सोडलं की बंदी फुटते. दोन दिवसांत पाय धरत येईल बघा."

बायांनी बंदी पाळली. आपली तोटी कोरडी पडली तर? हा धाक सगळ्यांना होता. मी काय पाळणार होते होय? मागच्या भिंतीवरून कळशी द्यायची तिला. पण एका कळशीत दोन माणसांचं घर चालतं का? आणि तो उन्हाळा. पत्र्याखाली आपण भाकरीसारखे भाजून निघायचो.

आता आप्पांची चूक कुठे झाली ते सांगते. लूमवर उभं आयुष्य काढलेल्या माणसाने ही चूक करावी, याचं मला अजून नवल वाटतं. रात्रपाळीचा माणूस सकाळी कारखान्याच्या टाकीवरच आंघोळ करून येतो. तिथेच दात, तिथेच तोंड, तिथेच कपडे चुबकणं. घरी येऊन जेवतो आणि पाळी लागेपर्यंत झोपतो. त्याला घरची तोटी वाहते की नाही याचा पत्ताच नसतो! तो ताजातवाना, भांग पाडून, शीळ घालत यायचा. आणि शोभा हंडा घेऊन नहेरीकडच्या, कालव्यापाशी असलेल्या हातपंपावर जायची. सातव्या महिन्यात. भर उन्हात.

आप्पा ओसरीवरून बघायचे आणि म्हणायचे, "वाकेल. वाकेल आता." मला वाटायचं, हा माणूस बघतो तिकडे नाहीच, दुसऱ्याच कुठल्या तरी गावाकडे बघतोय.

त्या दुपारी मी साड्यांत झोपले होते. स्वप्नात एक उंच बाई आमच्या गल्लीतून येत होती, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, ती चालली की सगळे पत्रे वाजत होते. प्रत्येक दारात थांबून ती गोड आवाजात विचारत होती, "सगळं ठीक ना?" आणि कुणाच्याही तोंडातून आवाज फुटत नव्हता. मग पत्रे फारच वाजायला लागले आणि मी उठले. दार वाजत होतं. रिक्षावाला होता. शोभा नहेरीच्या कडेला चक्कर येऊन पडली होती, हंडा गडगडत पाण्यात गेला होता, आणि कुणीतरी तिला रिक्षात घातलं होतं.

तिला माझ्याच खोलीत आणलं. साड्या बाजूला सारायला वेळ नव्हता, त्यांच्यावरच निजवलं. शेजारच्या दवाखान्यातून डॉक्टरीणबाई येऊन बघून गेल्या. बाळ हलत होतं. मी तिच्या पोटावर हात ठेवून बसले होते आणि ते हललं की रडू यायचं, नाही हललं की जास्त यायचं.

आप्पा आले. उंबऱ्याच्या आत आले नाहीत. शोभाने डोळे उघडले आणि आपल्या घरच्या बोलीत, अगदी हळू म्हणाली, "आप्पा, तुम्हनी बंदी त्याले नही लागनी. माले लागनी."

तिच्या आवाजात राग नव्हता हो. असता तर बरं झालं असतं. मी मात्र रागात होते, मी म्हटलं, "झालात ना अमेरिका? आता घ्या नीती आणि चघळा!" आप्पा पाठ वळवून गेले. त्या संध्याकाळी भिंतीतून काहीच आलं नाही. बगदाद नाही, काही नाही.

पहाटे ते परत आले तेव्हा हातात किल्ली होती, करगोट्यातून सोडवलेली. ती शोभाच्या उशाशी ठेवली. "ही तू ठेव," म्हणाले.

"तिला कशाला हे लोढणं?" मी म्हटलं.

"जिच्या डोक्यावर हंडा, तिच्याजवळ किल्ली. मला आता भरवसा नाही." कुणावर, ते त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

मला वाटलं, पोर घाबरेल. पण शोभाने ती किल्ली मुठीत घट्ट धरली. उठून बसायला लागली तेव्हा पहिल्याच सकाळी सगळ्या तोट्या सोडल्या. आपली सोडली नाही. दारात खुर्ची टाकून बसली आणि जाहीर केलं, "ज्या घरात बाईवर हात उठतो, त्या घराले पानी भेटी. पन मोटारीजवळ येईसन भरनं पडी. अन् भरी तो, जो हात उचलस."

बस. एवढंच. काही बंद नाही. फक्त पाणी भरायला पुरुषाने यायचं, सगळ्या बायांच्या देखत, डोक्यावर हंडा घेऊन.

तिचा नवरा पहिल्या दिवशी हसला. दुसऱ्या दिवशी त्याच्या जेवणाच्या ताटाजवळ तांब्या रिकामा. शोभा म्हणाली, पाणी आहे की, मोटारीजवळ आहे. तिसऱ्या सकाळी तो आला. भांग पाडलेला, कारखान्यावरून आंघोळ करून, आणि खांद्यावर पितळी हंडा. आमच्यातली एक बाई म्हणाली, "अहो, चुंबळ घ्या, डोकं दुखेल." असा हशा पिकला! त्या माणसाचे कान लाल. त्यानंतर भिंतीतून भांडी पडल्याचा आवाज मी ऐकला नाही. सुधारला म्हणत नाही मी. वचकला. आम्हाला तेवढंही पुष्कळ होतं.

पण वायरमन राहिला होता ना. शोभाने त्याचीही तोटी बंद केली आणि तोच निरोप पाठवला. तो मोटारीजवळ आला नाही. तो सरळ आप्पांच्या ओसरीवर आला. सगळ्या बाया आपापल्या तोटीवर हंडे घेऊन उभ्या होत्या. "आप्पा, पोरीला सांगा," तो म्हणाला. "नाहीतर लाईन कापतो. मग बघू मोटार कोण चालवतं."

आप्पांनी आमच्याकडे बघितलं, एकेकीकडे. मला आजही तो चेहरा दिसतो. वर्षानुवर्षं ते दुसऱ्या कुणाकडून ज्या गोष्टीची वाट बघत होते, ती आता त्यांच्याच ओसरीवर येऊन बसली होती.

"काप," आप्पा म्हणाले.

"आप्पा, विचार करीने बोलो."

"खूप वर्षं विचारच केला. काप."

त्याने कापली. मोटार बंद. आणि मग आमची वरात निघाली नहेरीकडे, दोन्ही ओळींची. पुढे बाया, मागे आप्पा, हातात बादली, खिशात खडीसाखर. मी त्यांना वाटेत इतक्या शिव्या दिल्या की विचारू नका. मान मोडून आली होती. पण त्यांच्याकडे बघितलं की हसू यायचं. धोतर भिजलेलं, बादली निम्मी सांडलेली, आणि चेहरा असा, जणू लग्नघरातून जेवून आलेत.

"आप्पा, आज अमेरिका काय म्हणते?" मी विचारलं.

"ऐकलं नाही बुवा," ते म्हणाले. "पाणी भरायचं होतं."

पुढे दुसऱ्या कुणाला तरी आणून तारा जोडून घेतल्या, रीतसर. मोटार सुरू झाली. शोभाला मुलगी झाली, तिच्या बारशाला आप्पांनी गल्लीभर खडीसाखर वाटली. इथे गोष्ट संपली असती तर किती छान झालं असतं.

पण वायरमन खोली सोडून गेला. डिंडोलीकडे, म्हणे. एका सकाळी टेम्पोत सामान भरलं आणि वर कोकिला बसली, मांडीवर पंखा घेऊन. पदर एका बाजूने पुढे. टेम्पो हलला तेव्हा तिने एकदाच मागे बघितलं, मोटारीच्या खोलीकडे. आमच्या ओळींत न्याय झाला होता. तिला तो पाठीमागे ठेवून जावं लागलं. तिकडे किल्ली कुणाजवळ होती, कुणाला ठाऊक?

आप्पांना हे लागलं. रेडिओ पुन्हा सुरू झाला, पण हळू. जगात कुठे काही झालं, अमेरिकेने कुणाला वाचवलं, कुणाला सोडलं, की ते नीती आणि हित काही काढायचे नाहीत. ऐकून घ्यायचे आणि विचारायचे, "हं. आणि तिथली कोकिला कुठे गेली?" रेडिओ काय सांगणार? डिंडोलीहून कुणीही आलं, भाजीवाला, रिक्षावाला, की त्याला खडीसाखर देऊन तेच विचारायचे. बारीक आहे, गोरी आहे, नवरा वायरमन. कुणाला माहीत नव्हतं. शेवटपर्यंत कळलं नाही.

आप्पा जाऊन बरीच वर्षं झाली. आता आमचं पक्कं घर आहे, नळ आहे, आणि टीव्हीवर दिवसभर देश येत असतात. माझी दुपारची झोप अजून तशीच, अर्धी इकडे, अर्धी तिकडे. परवा मुलगा मोठ्याने वाचून दाखवत होता, अमेरिकेने कुठल्याशा देशाची पुन्हा नाकेबंदी केली, चांगली अद्दल घडेल म्हणाला. माझे डोळे मिटलेले होते. माझ्या बगदादात पत्रे वाजत होते, साड्या वाळत होत्या, आणि एक टेम्पो हळूहळू गल्लीबाहेर चालला होता.

"आणि कोकिला?" मी विचारलं.

"कोण कोकिला?" मुलगा म्हणाला, आणि मी झोपेत बोलतेय असं समजून त्याने पंखा वाढवला.